दहापैकी शून्य: फ्लॅशमधल्या हरवलेल्या गुणांची गोष्ट

आजचा भाग फ्लॅशबद्दल आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वापरलंही नसेल, पण मोबाइलवर गेम येण्याआधी ब्राउझरमध्ये हलणारं, वाजणारं जे काही दिसायचं, ते बहुतेक वेळा फ्लॅश असायचं.

साल २००४. पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसात मी शाळांसाठी गणिताच्या सीडी बनवायचे. प्रत्येक धड्याची वेगळी फाइल, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी. एका शाळेत सीडी दाखवायला गेले. चौथीतल्या एका मुलीनं पटापट उत्तरं दिली आणि स्क्रीनवर आलं, दहापैकी ०. बाई म्हणाल्या, "नीट वाचून सोडव गं." तिनं परत सोडवली, या वेळी सावकाश. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा मी मागे उभी राहून बघत होते, तर ती मुद्दाम वेगळी उत्तरं निवडत होती. आधीची बरोबर असणारच नाहीत, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

चूक माझी होती, आणि ती कुठे आहे हे मला तिथे उभ्या उभ्या सापडेना. एररच नव्हता!

आता थोडं मागे जाऊ. जोनाथन गे आणि त्याच्या फ्यूचरवेव्ह कंपनीचं 'फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर' १९९६ साली आलं. थोड्याच काळात मॅक्रोमीडियानं ते घेतलं आणि नाव ठेवलं फ्लॅश. मुळात हे चित्रं हलवायचं साधन. प्रोग्रामिंग त्यात मागाहून शिरलं. १९९९ च्या फ्लॅश ४ मध्ये व्हेरिएबलचा पत्ता फोल्डरसारखा तिरक्या रेघा देऊन लिहावा लागे. २००० च्या फ्लॅश ५ नं 'ॲक्शनस्क्रिप्ट' हे नाव आणलं आणि जावास्क्रिप्टसारखी डॉट टाकून लिहायची पद्धतही.

पण एक गोष्ट तशीच राहिली. फ्लॅशमध्ये व्हेरिएबल राहायचं चित्राच्या घरात. प्रत्येक मूव्ही क्लिपला स्वतःची टाइमलाइन, आणि त्या टाइमलाइनवर तिची स्वतःची व्हेरिएबल. म्हणजे चित्र हललं की पत्ता बदलला. कंटाळा आला की आम्ही सगळे एकच शॉर्टकट मारायचो: 'अंडरस्कोर रूट'. रूट म्हणजे सगळ्यात वरची टाइमलाइन. कुठूनही हाक मारा, ओ देणार.

माझ्या धड्यात पहिल्या फ्रेमवर होतं, स्कोअर बरोबर शून्य. बटणावर होतं, रूट डॉट स्कोअरमध्ये एक मिळव. ऑफिसात धडा एकटा चालवला की धडा स्वतःच रूट असायचा, गुण चोख यायचे. सीडीवर मात्र आधी मुखपृष्ठाची फाइल उघडायची, आणि ती 'लोडमूव्ही' वापरून धडा आपल्या एका क्लिपमध्ये आणायची. आता रूट कोण? मुखपृष्ठ! पाकिटावर नुसतं 'वाड्याचे मालक' लिहायचं आणि मधेच दुसऱ्याच्या वाड्यात भाड्यानं राहायला जायचं, तसं झालं. पोरीचे गुण मुखपृष्ठावर जमा होत होते, आणि गुणांची चौकट धड्यातल्या स्कोअरकडे बघत बसली होती.

मुखपृष्ठावर तर स्कोअर नावाचं काही नव्हतंच, मग फ्लॅश बोललं का नाही? तेव्हाचा फ्लॅश प्लेयर चुकीच्या पत्त्यावर गप्प बसायचा. वर प्लेयर ६ पर्यंतच्या फाइलींमध्ये, जे व्हेरिएबल नाही ते बेरजेत शून्य धरलं जायचं. म्हणून बेरीजही छान चालू! चित्रकारांना लाल अक्षरांनी घाबरवायचं नाही, हे मला पटतं. पण त्याची किंमत भलत्याच कुणीतरी मोजायची, हे पटत नाही.

ऑफिसात परतून मुखपृष्ठासकट टेस्ट मूव्ही चालवली आणि मेनूतून 'लिस्ट व्हेरिएबल्स' काढली. यादीत दोन स्कोअर. वरच्या टाइमलाइनवर १०, धड्याच्या क्लिपमध्ये ०. बटणावरच्या कोडमधलं 'रूट डॉट' खोडलं, बस्स. ते बटण धड्याच्याच टाइमलाइनवर होतं, त्याला घरातला स्कोअर आपोआप दिसत होता.

गंमत म्हणजे याचं औषध आधीच आलेलं होतं. फ्लॅश प्लेयर ७ मध्ये 'लॉकरूट' आलं होतं. ती एक ओळ धड्यात लिहिली की धडा कुठेही लोड करा, त्याचा रूट तोच. मी वाचलंच नव्हतं.

'धिस'चा घोळ तर वेगळाच. २००२ च्या फ्लॅश एमएक्सपासून बटणाला फ्रेमवरूनच फंक्शन जोडता येऊ लागलं. आत 'धिस' म्हटलं की बटण, पण नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहिलं की फंक्शन जिथे लिहिलं ती टाइमलाइन. एकाच फंक्शनमध्ये दोन पत्ते! एक्सएमएल लोड झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये 'धिस' म्हणजे ती एक्सएमएल. जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?

२००६ मध्ये फ्लॅश प्लेयर ९ बरोबर ॲक्शनस्क्रिप्ट ३ आलं. लोड केलेल्या फाइलला तिचा स्वतःचा रूट मिळाला, क्लासमधली मेथड आपला 'धिस' लक्षात ठेवू लागली. आणि प्लेयर बोलायला लागला: एरर १००९, जे नाही त्याच्याकडे काहीतरी मागताय. क्लिप पडद्यावर यायच्या आधी रूट विचारलात, तरी हाच एरर. लोक वैतागले. मी नाही वैतागले.

आणि ती मुलगी? दुसऱ्या दिवशी दुरुस्त सीडी घेऊन गेले. बाईंनी तिला बोलावलं. नऊ आले. आठव्या प्रश्नात सातचा पाढा खरंच चुकला होता. "काल पण नऊच होते का?" तिनं विचारलं. कालचा आकडा मुखपृष्ठाबरोबर मी कधीच बंद केला होता. तसं तिला सांगितलं.

३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीनं फ्लॅश प्लेयर थांबवला, १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फ्लॅशच्या फाइली चालणंही बंद झालं. आता 'रफल' नावाचा मोफत एम्युलेटर जुन्या फाइली चालवतो. घरी अशी सीडी सापडली आणि चाचणीत शून्य दिसलं, तर धड्याची फाइल एकटी उघडून बघा. भेटू पुढच्या भागात.