यंत्रातला भुंगा

आमच्या रेडीत रात्री दिवा मालवला की समुद्राची गाज ऐकू येते. ती अखंड चालू असते, पण तिचा त्रास कोणाला होत नाही. उलट परगावी गेलेल्या माणसाला तिच्यावाचून झोप लागत नाही. गवयाच्या मागे तंबोराही अखंड झणकारत असतो. त्याची जव्हारी नीट लागावी म्हणून मिरजेचे कारागीर घोडी घासण्यात आपले सारे कसब खर्च करतात. मग जुन्या ध्वनिवर्धकातून येणारा तो ‘हूंऽऽ’ असा अखंड नादच माणसाला एवढा का छळतो? गाज समुद्राची असते, झणकार गाण्याचा असतो. ही गुणगुण मात्र ना गाणाऱ्याची ना ऐकणाऱ्याची. ती आगंतुक आहे. आणि आगंतुकाला घालवायचे तर तो कोठून आला, कोणत्या वाटेने आत शिरला, हे आधी विचारावे लागते. म्हणून हा तिचा थोडासा इतिहास.

ही गुणगुण फार जुनी नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग या साहेबाने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तिने एका मोठ्या कर्ण्यासमोर बसून गायचे, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर तिची रेघ उमटायची, एवढाच सारा प्रकार होता. ऐकतानाही तेच, फक्त उलट्या क्रमाने. चावी द्यावी, सुई ठेवावी आणि कर्ण्यातून गाणे ऐकावे. विजेचा कोठे संबंधच नव्हता. त्या तबकड्यांत खरखर होती, गुणगुण नव्हती. नाटकगृहांतही तेच. बालगंधर्वांच्या ऐन उमेदीत गळा आणि साथीची वाद्ये यांच्या बळावरच शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवावे लागे. १९२५ साली तबकड्या विजेच्या साह्याने मुद्रित होऊ लागल्या. मायक्रोफोन आला, दिव्यासारख्या काचेच्या नळ्या आल्या. आवाज मोठा झाला, आणि त्याच्या मागोमाग भुंगाही आला.

तो कोठून आला? घराघरांत येणारी वीज नदीच्या पाण्यासारखी एकाच दिशेने वाहत नाही. ती पुढे जाते, मागे येते. आपल्या देशात सेकंदाला पन्नास वेळा. हा पन्नासाचा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही. जर्मनीत एईजी कंपनीने पन्नास धरले, अमेरिकेत वेस्टिंगहाउसने साठ. इंग्लंडात तर एका गावाचे एक आणि दुसऱ्याचे दुसरे असा गोंधळ होता; १९२६ च्या कायद्याने देशभर एक जाळे विणायचे ठरले आणि पन्नास आवर्तने पक्की झाली. आपणही तोच आकडा घेतला. यंत्राला मात्र असली ये-जा करणारी वीज चालत नाही. त्याला एका दिशेने, संथ वाहणारी वीज हवी असते. म्हणून पहिले रेडिओ बॅटरीवर चालत. १९२५ साली टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्सने घरातल्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला. बॅटरीची कटकट गेली, आणि गुणगुणीला दिवाणखान्याचे दार उघडले.

आमच्या कोकणात हे दार उशिरा उघडले. खेड्यापाड्यांत वीज नव्हती तोवर ज्या थोड्या घरी रेडिओ होता, तो बॅटरीवरच चाले. येथून जवळच, आंबोलीच्या रानातून, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या मुक्तीसाठी गुप्त नभोवाणी सुरू केली. पुढे ती कॅसलरॉकला हलली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा याच दोघांनी विमानाला ध्वनिक्षेपक लावून ती बातमी आकाशातून सांगितली. अशी नभोवाणी चोरून, अगदी बारीक आवाजात ऐकणाऱ्याला यंत्राच्या गुणगुणीने एक शब्द गिळला तरी केवढे नुकसान! आवाजातील स्वच्छता ही केवळ रसिकाची चैन नव्हे, हे अशा वेळी कळते.

आता यंत्राच्या पोटात काय घडते ते पाहू. आपल्याकडे बागेला पाणी लावायला रहाट असे. रहाटाची गाडगी पाणी एकसारखे ओतत नाहीत. एक भरलेले गाडगे ओतले की क्षणभर खंड, मग दुसरे. पण ते पाणी कुंडीत पडते आणि कुंडीतून पाटाला लागते, तेव्हा पाट संथ वाहतो. ध्वनिवर्धकात हेच घडते. रोहित्र विजेचा दाब उतरवते. पुढचे एकदिशीकारक मागे जाणारी लाटही पुढे वळवते. त्यामुळे पन्नास आवर्तनांचे शंभर उमाळे होतात. ते उमाळे ज्या कुंडीत पडतात तिला आपण कपॅसिटर म्हणतो. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि ओलसर रसायनात भिजलेला कागद यांची गुंडाळी करून ती डबीत बंद केलेली असते. वर्षे गेली, उष्णता लागली, की ही ओल सुकते. कुंडी आटते. मग पाट संथ राहत नाही, आणि ते शंभर उमाळे आपल्याला ऐकू येऊ लागतात.

हे सारे मी पुस्तकात वाचून शिकलो असतो तर विसरूनही गेलो असतो. पण माझ्यापुढे काम पडले होते. १९८६ साली मुंबईहून आलेल्या काकांनी आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या. जात्यापाशी विजेचे बटण नव्हते म्हणून काकांनी यंत्र सेलवर चालवले; त्यामुळे त्या कॅसेटमध्ये आजी आहे, जाते आहे, दूर कोठेतरी गाज आहे, पण भुंगा नाही. आजी १९९३ साली गेली. फीत जुनी झाली, आता ती फार दिवस टिकणार नाही. ओव्या कागदावर उतरवाव्यात आणि आवाजही संगणकात साठवून ठेवावा, म्हणून मी शहरातल्या एका दुकानातून जुना ध्वनिवर्धक आणला. तो लावला, आणि जात्याची घरघर व यंत्राची गुणगुण एकमेकींत अशा मिसळल्या, की दर दोन ओव्यांमागे एक शब्द हरवू लागला.

जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे येतात. त्यांनी पेटी उघडण्याआधी मला एकच सांगितले, “मास्तरांनू, आधी आवाज शून्यावर करा, आणि मगे भुंगो गुणगुणता काय ता आयका.” या एका वाक्यात अर्धी विद्या आहे. आवाज शून्यावर नेऊनही गुणगुण तशीच राहिली, तर दोष आवाजाच्या बटणाच्या पुढे, बहुधा वीज पुरवणाऱ्या भागात. बटणाबरोबर ती कमीजास्त झाली, तर दोष बटणाच्या अलीकडे किंवा बाहेरून येणाऱ्या तारांत. आमची गुणगुण तशीच राहिली. शाळेच्या पेटीवर स्वर लावून पाहिला. तो खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर भरला. म्हणजे शंभर आवर्तने. कुंडी आटली होती. दोन कपॅसिटर बदलले, तेवढ्याच विद्युतदाबाला टिकणारे, आणि ती गुणगुण गेली.

पण भुंगे दोन होते. बटण वर नेताच आणखी एक सप्तक खालचा, जड स्वर येऊ लागला. तो पन्नास आवर्तनांचा. मग एकेक तार काढून पाहिली. दूरचित्रवाणीच्या केबलची तार निघाली आणि शांतता झाली. ध्वनिवर्धकाला घरातल्या भिंतीतून जमीन मिळत होती, आणि केबलमधून दुसऱ्याच ठिकाणची जमीन. दोन्ही जमिनींत थोडा फरक असतो. त्या फरकाने तारांच्या फेऱ्यात वीज फिरू लागते आणि ती आवाजात उतरते. आमच्याकडे हा फरक उन्हाळ्यात वाढतो, कारण जांभा दगड कोरडा पडला की अर्थिंगचा खड्डाही सुकतो. त्यात मीठ आणि कोळसा घालण्याची रीत आहे. वैशाखात त्यावर दोन घागरी पाणी ओतावे. खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या पिना पुसून घ्याव्यात. तबकडी वाजवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. त्या जोडणीत खालचे स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, पन्नास आवर्तनांचा सुमारे सात पट. तेव्हा तेथे थोडी गुणगुण जास्त असणारच. तबकडीयंत्राची जमिनीची बारीक तार जोडलेली आहे ना, एवढे पाहावे.

एक धोक्याची सूचना मात्र विनोद न करता देतो. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. तो ऐकू नये. ती पिन आपल्या जिवासाठी आहे, कानासाठी नव्हे. आणि काचेच्या नळ्यांच्या जुन्या ध्वनिवर्धकात तीन-चारशे व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये दबा धरून राहतात. तेथे जाणत्याचाच हात जावा.

एवढे झाल्यावर या भुंग्याबद्दल माझ्या मनात थोडा आदरही उत्पन्न झाला. अमेरिकेत आपली जी मंडळी स्थायिक झाली आहेत, त्यांच्या घरी हा पांढरी पाचला गुणगुणत नाही. तेथे साठ आवर्तने, म्हणून तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्यामध्ये कोठेतरी बसतो. आपल्याकडेही तो अगदी स्थिर नसतो. विजेची मागणी वाढली की स्वर कणभर उतरतो, घटली की चढतो. पूर्वी देशाचे पाच विभाग आपापल्या स्वरात गुणगुणत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर तारमार्गाने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाला जोडले गेले, आणि तेव्हापासून रेडीतला भुंगा आणि काश्मिरातला भुंगा एकाच क्षणी एकच स्वर लावतात. हे चढउतार पुन्हा तसेच्या तसे येत नाहीत. म्हणून रुमानियाच्या कातालिन ग्रिगोरास यांच्यासारख्या संशोधकांनी त्यांचा उपयोग ध्वनिमुद्रणाची तारीख पारखण्यासाठी करून दाखवला. मुद्रणात अडकलेली गुणगुण वीजमंडळाच्या नोंदीशी ताडली, की तो आवाज केव्हा मुद्रित झाला ते उमगते.

आता वाचकांच्या ध्यानात येईल, की भुंगा घालवण्याची एवढी खटपट का करायची. जुन्या आवाजाची नक्कल गुणगुणीसकट उतरवली, तर त्या आवाजावर आजच्या विजेचा शिक्का बसतो, आणि तो पुढे सहजासहजी पुसता येत नाही. आजीच्या दळणाला पहाट होती, गाज होती. पन्नास आवर्तने नव्हती. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर अशी एखादी फीत, एखादी तबकडी पडलेली असेल. या दिवाळीत साफसफाई करताना ती सापडली, तर जपून खाली काढा. पण वाजवण्यापूर्वी यंत्राचा आवाज शून्यावर आणा, दारे लावून घ्या, आणि घटकाभर नुसते ऐका.