मांड बदलली, उडी बदलली: फेदेरिको काप्रिल्ली यांची क्रांती

१/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील घोडदळांत एक नियम सर्वमान्य होता: अडथळ्यावरून उडी घेताना स्वाराने मागे रेलावे. त्याने घोड्याच्या पुढच्या पायांवरील भार हलका होतो, अशी समजूत होती.

२/ प्रत्यक्षात स्वाराचे वजन घोड्याच्या पाठीवर आदळे आणि लगामाचा हिसका त्याच्या तोंडाला बसे. वेदनेच्या धास्तीने घोडे अडथळ्यापाशी अडत. दोष मात्र त्यांच्याच माथी येई.

३/ इटालियन घोडदळातील अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) यांनी स्वाराविना मोकळ्या उड्या घेणारे घोडे न्याहाळले. घोडा मान पुढे ताणतो, पाठीची कमान करतो आणि पुढच्याच पायांवर उतरतो, हे त्यांनी हेरले.

४/ त्यावरून त्यांनी नवी मांड घडवली. रिकिबी आखूड, बैठक खोगिरावरून किंचित उचललेली, धड पुढे झुकलेले आणि हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे सरकणारे.

५/ परंपरेच्या अभिमान्यांनी प्रारंभी विरोध केला. तरीही पिनेरोलो आणि तोर दी क्विंतो येथील घोडदळ प्रशालांत ही पद्धत रुजली. ती शिकण्यासाठी परदेशी अधिकारी इटलीत येऊ लागले.

६/ १९०७ मध्ये घोड्यावरून पडून काप्रिल्ली यांचा अकाली मृत्यू झाला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकपासून शो-जम्पिंग त्या क्रीडासोहळ्यात स्थिरावले, ते त्यांना पाहता आले नाही.

७/ शो-जम्पिंग शिकणाऱ्याला आजही तोच धडा मिळतो: उडी घोडा घेतो, स्वाराने त्याच्या आड येऊ नये.