बारा मैलांपलीकडचे पाणी

शेताला बांध असतो, बागेला गडगा असतो, समुद्राला काय? मिरकरवाड्याचा तांडेल म्हणेल, होडी जाते तिथवर समुद्र आपला. पण सरकारदरबारी समुद्राचीही वाटणी झालेली आहे.

आपल्या राज्यघटनेने मासेमारी राज्यांकडे दिली. प्रादेशिक जलधीपलीकडची मात्र केंद्राकडे ठेवली. ही हद्द १२ सागरी मैलांची. १९७६ च्या कायद्याने २०० मैलांपर्यंतच्या सागरी संपत्तीवर भारताचा हक्क ठरला. महाराष्ट्राचा १९८१ चा मासेमारी कायदा अर्थातच १२ मैलांपुरता. आता बांगड्याला ही रेघ कोण दाखवणार?

१९९१ साली केंद्राने खोल समुद्राचे नवे धोरण आणले. परदेशी कंपन्यांशी भागीदारी करून किंवा भाड्याने मोठी जहाजे आणायची. सांगणे असे की, आपल्या होड्या तिथवर पोचत नाहीत, मासा वाया जातो, देशाला परकीय चलन हवे आहे. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण किनाऱ्यावरचा हिशोब निराळा होता: दूरच्या पाण्यातला मासाच पुढे आपल्या जाळ्यात येतो, आणि रात्री जहाज रेघेच्या आत आले तर पाहणार कोण? १९९४ साली देशभरच्या मच्छीमारांनी बंद पाळला. पुढे मुरारी समिती नेमली गेली. १९९६ साली तिने ते परवाने रद्द करावेत अशी शिफारस केली.

आयर्लंडच्या कोळ्यांना असा बंद पाळून प्रश्न सुटण्याजोगा नव्हता. १९७३ साली तो देश युरोपच्या आर्थिक समूहात गेला. समूहाच्या सहा जुन्या सभासदांनी, नवे लोक बोलणी करायला येत असतानाच, १९७० साली ठरवून टाकले होते की सर्वांचे पाणी सर्वांना खुले. किनाऱ्यालगतची पट्टी तेवढी सवलत म्हणून काही वर्षे राखून मिळाली. शेतमालाला बाजार मिळाला, शेतकरी खूष. कोळी तेवढे खट्टू. नॉर्वेने मात्र १९७२ च्या मतदानात नकारच दिला, आणि त्यात कोळ्यांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे परक्या जहाजांविरुद्ध एकी झाली. घरचे भांडण जास्त अवघड निघाले. रापणकर आणि पर्ससीनवाले एकाच बंदरातले, कधीकधी एकाच आळीतले! ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनला लगाम घातला, तो पुन्हा १२ मैलांच्या आतच. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या पर्ससीन नौकांना १२ मैलांपलीकडे अटींवर अंतरिम मुभा दिली: आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी.