क्लच आणि गिअर : दुखणें व कुळकथा



रोग्याची नाडी हातीं घेण्यापूर्वीं जुने वैद्य त्याचें वय विचारीत. जुन्या मोटारीचा क्लच किंवा गिअर बिघडला आहे असें कोणी म्हणूं लागला, म्हणजे प्रथम तोच प्रश्न विचारावयास हवा : गाडी कोणत्या सालची ? कारण जें लक्षण एका पिढीच्या गाडींत रोग ठरतें, तेंच दुसऱ्या पिढीच्या गाडींत निव्वळ स्वभाव असतो. हा भेद न कळल्यामुळें निरोगी यंत्रें उघडलीं जातात आणि रोगी यंत्रें तशींच धांवत राहतात. हा भेद कसा उत्पन्न झाला, तें आज आपण थोडक्यांत पाहूं.

या साऱ्या खटाटोपाचें मूळ एंजिनाच्या एका उणिवेंत आहे. वाफेचें एंजिन उभ्या जागेवरूनहि पूर्ण जोर लावूं शकतें. पेट्रोलचें एंजिन आधीं फिरत असेल तरच जोर देतें. म्हणून तें चाकांपासून सोडविणें आणि मग हळूहळू जोडणें भाग पडतें. हें काम क्लचचें. चढावर चाकांची गति कमी करून जोर वाढविणें हें काम गिअरचें. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं जर्मनींत पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडींत पट्टा मोकळ्या कप्पीवरून घट्ट कप्पीवर सरकविला कीं गाडी चालूं लागे. कारखान्यांतील यंत्रें त्या काळीं याच युक्तीनें चालत.

१८९१ सालीं फ्रान्समध्यें एमिल लेव्हासोर यांनीं एंजिन पुढें, त्यामागें क्लच, त्यामागें गिअरपेटी अशी रचना केली. पुढें बहुतेक मोटारींनीं तीच उचलली. तिच्यांत फिरतीं दांतेचक्रें एकमेकांकडे सरकवून अडकवावीं लागत. दोहोंची गति जुळली नाहीं, तर दांतांवर दांत आपटून कानठळ्या बसत. म्हणून चालक क्लच दाबी, गिअर मोकळा करी, क्लच सोडून एंजिनाची गति जुळवून घेई आणि पुन्हां क्लच दाबून नवा गिअर टाकी. त्या काळच्या गाडींतली घरघर बहुधा यंत्राचा दोष नसे. तो हाताचा अडाणीपणा असे.

क्लचचीहि तीच गोष्ट. त्या वेळीं पुष्कळ गाड्यांत चामडें मढविलेला शंकूच्या आकाराचा क्लच असे. त्यावर तेल उडालें कीं तो घसरे. चामडें वाळलें कीं गाडी हिसका देऊन उडी घेई. पहिल्या दुखण्यावर मुलतानी मातीची पूड आणि दुसऱ्यावर एरंडेल, असे अगदीं घरगुती उपचार होते !

१९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटीहून अधिक निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीनें निराळा मार्ग धरला. तिचीं चक्रें सदैव एकमेकांत गुंतलेलीं असत. पट्टे आवळून गिअर बदले. परंतु तिचा क्लच एंजिनाच्याच तेलांत बुडालेला असल्यामुळें थंडीनें तेल दाट झालें, म्हणजे हँडल मारणाऱ्या मनुष्याच्याच अंगावर गाडी सरकूं लागे. जाणते लोक आधीं मागचें एक चाक उचलून ठेवीत. हाहि रोग नव्हे, स्वभावच. परंतु तो ठाऊक नसणाऱ्यास महागांत पडणारा.

१९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत 'सिंक्रोमेश' आलें. दांत भिडण्यापूर्वीं चक्रांची गति घर्षणानें आपोआप सारखी होऊं लागली आणि चालकाची जुनी विद्या मागें पडली. तथापि ही सोय सर्व गिअरांस एकदम मिळाली नाहीं. मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या जुन्या फियाट ११०० गाडींत ती दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गिअरला होती, पहिल्याला नव्हती.

माझ्या एका परिचितांकडे वडिलांच्या हातची अशीच एक फियाट होती. पहिला गिअर टाकतांना ती ओरडे. एका गॅरेजांत गिअरपेटी उघडली गेली, नवीं चक्रें पडलीं, पैसे गेले. ओरडणें तसेंच राहिलें. शेवटीं वडिलांची ती आठवण विकावयास निघाली. एवढ्यांत एका वृद्ध टॅक्सीचालकानें ती चालवून पाहिली. त्यानें गाडी पुरती थांबूं दिली आणि मग पहिला गिअर टाकला. आवाज नाहीं ! गाडी आजहि त्यांच्या घरीं आहे.

मग खरा रोग कसा ओळखावा ? एंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाहीं, जळका वास येतो : क्लच घसरतो आहे. गाडी उभी असतांना क्लच पुरता दाबून, कांहीं क्षण थांबूनहि पहिला किंवा मागचा गिअर करकरतो : क्लच पुरता सुटत नाहीं. क्लच दाबल्यावरच घरघर सुरू होते : क्लच सोडविणारें बेअरिंग झिजलें असावें. उलट, गिअर मोकळा असतांना घरघर होते आणि क्लच दाबतांच थांबते : दोष बहुधा गिअरपेटींतील बेअरिंगचा. एवढी परीक्षा झाल्यावांचून पेटीस पान्हा लावूं देऊं नये.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. त्याच फियाटचा तो वंश. गाड्या कोणी हौसेनें जतन करील. परंतु त्यांची भाषा जाणणारे कान दिवसेंदिवस कमी होत आहेत. ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांनीं तिची कुळकथा जाणत्या चालकाकडून एकदां ऐकून, लिहून ठेवावी. गाडीच्या कागदपत्रांइतकीच ती मोलाची आहे.