पंचा, सूत आणि स्पर्श : चांद्याकडील एका साध्या कापडाचा इतिहास

मराठी समीक्षेत ‘वीण’, ‘पोत’, ‘धागेदोरे’ हे शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांचे मूळ मागावर आहे याचा आपल्याला विसर पडतो. कादंबरीची वीण सैल आहे असे वर्गात सांगताना प्रत्यक्ष सैल विणीचे कापड कशासाठी विणले जात असे, हे कोणी विचारत नाही. वस्त्रांचा इतिहास लिहितानाही आपली नजर पैठणीवर, शालूवर, फार तर नागपुरी लुगड्यावर जाते. अंग पुसायच्या पंचाला इतिहास असतो, हे आपल्याला सहसा सुचत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या, म्हणजे १९८२ पर्यंत एकच असलेल्या जुन्या चांदा जिल्ह्याच्या संदर्भात तो मांडून पाहावा, असा आमचा प्रयत्न आहे.

सुयांवरचे विणकाम आणि मागावरचे विणकाम या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे. मात्र सुयांवर सुती रुमाल विणण्याची रीत या मुलखात रुजलेली दिसत नाही. इथले विणकाम मागावरचे. ताण्याचे उभे धागे, धोट्याने टाकलेले आडवे धागे, एक वर एक खाली अशी सर्वांत साधी वीण. पंचासाठी हीच वीण योग्य ठरते. हातसुताला पीळ कमी, जाडी कमीअधिक. त्यामुळे कापड पाणी लवकर शोषते, लवकर वाळते आणि चार धुण्यांनंतर खळ निघून गेली की मऊ पडते. तलम वस्त्रात जो दोष गणला जाईल, तो इथे गुण होतो.

हे सूत कोण कातत होते? एकोणिसाव्या शतकातील मध्यप्रांताच्या सरकारी लेखनात याचे उत्तर मिळते. सूतकताई आणि जाडेभरडे कापड विणणे हा या भागातील महार समाजाचा मोठा व्यवसाय होता. तलम कापड प्रामुख्याने कोष्टी विणत. पण तलम सूतही अनेकदा महार घरांतूनच येत असे. १८६० च्या दशकात नागपूरच्या प्रदर्शनात चांद्याचे एक हातसूत मांडले गेले. त्याचा एक पौंड धागा पसरला तर ११७ मैल जाईल, असा हिशेब तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी नोंदवला. ८४० वार म्हणजे एक लड आणि एका पौंडात जितक्या लडी तितका सुताचा नंबर, या मापाने ते सूत २४५ नंबरच्या आसपास भरते. पंचाचे सूत वीस नंबरचे धरले, तर त्याचा एक पौंड साडेनऊ मैलांपलीकडे जात नाही. ज्या समाजाच्या हातांत ही कला होती, त्याला गावाने वेशीबाहेर ठेवले होते. माणसाचा स्पर्श वर्ज्य, पण त्याच्या बोटांतून गेलेले सूत घराघरांत अंगावर, हा विरोध त्या व्यवस्थेला कधी खटकला नाही. अधिकाऱ्यांनी मैल मोजले. कातणाऱ्या हातांचे नाव त्या हिशेबाबरोबर आलेले नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्याच दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी रेल्वे चांदा जिल्ह्यात पोचली. गिरणीच्या सुताने आधी चाती थांबवली, माग नंतर. गिरणीचे सूत विकत घेऊन विणकर काही काळ टिकू शकला. कातणारी बाई मात्र टिकू शकली नाही. यंत्रयुगाचा पहिला घाव इथे स्त्रियांच्या कमाईवर पडला, हे आर्थिक इतिहासात पुरेशा जोराने सांगितले जात नाही.

विसाव्या शतकात खादीच्या चळवळीने याच जिल्ह्यातील सावली हे केंद्र पुढे आणले. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने १९३५ मध्ये एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले : आठ तासांच्या कसून केलेल्या कताईला अन्नवस्त्र भागेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीला भरले आणि गांधीजी तेथे उपस्थित होते. मजुरी वाढली की खादी महाग होते आणि महाग खादी कोण घेणार, ही अडचण खरी होती. तरीही सुताच्या किमतीत कातणारीचे पोट मोजले पाहिजे, हा विचार या निमित्ताने मांडला गेला. त्याच वेळी दुसरा प्रश्न उरतोच. मजुरी वाढल्याने अस्पृश्यता जाते का? जातीशी बांधलेल्या कामातून बाहेर पडण्याची वाट डॉ. आंबेडकरांनी दाखवली. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चांद्यात त्यांच्या उपस्थितीत धम्मदीक्षेचा सोहळा झाला. चरख्याला प्रतिष्ठा देणे आणि माणसाला चरख्यापासून मोकळे करणे, या दोन्ही भूमिका एकाच जिल्ह्याच्या भूमीवर वीस वर्षांच्या अंतराने उभ्या राहिल्या. आम्हाला वाटते, या दोहोंना एकमेकींसमोर ठेवूनच वाचले पाहिजे. एकीच्या गौरवात दुसरी बुडवू नये.

स्पर्शाचा प्रश्न तेवढ्यावर संपला नाही. वरोऱ्याजवळ १९५१ मध्ये बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. कुष्ठरोग्यांनी काढलेले दूध, पिकवलेली भाजी घ्यायला आरंभी लोक धजावत नव्हते. पुढे तिथे माग आले. टॉवेल, चादरी, सतरंज्या विणल्या जाऊ लागल्या. कुष्ठरोगात नसा दुखावून बोटांची संवेदना जाते. धागा ताणला गेला की सुटला, हे अशा विणकराला हाताने कळेलच असे नाही, ते डोळ्यांनी पाहावे लागते. अशा हातांनी दुसऱ्याचे अंग पुसायचे कापड विणले आणि लोकांनी ते विकत घेतले. दान नाकारून काम मागणाऱ्या बाबांच्या विचाराची याहून कठीण कसोटी आम्हाला दिसत नाही. धान्य शिजते, भाजी धुतली जाते. टॉवेल थेट तोंडाला लागतो.

म्हणून पंचाचा इतिहास हा या मुलखात अखेर स्पर्शाचा इतिहास ठरतो. कोणाचा हात चालतो, कोणाचा चालत नाही आणि वस्तू मात्र कोणाचीही चालते, याचा तो लेखाजोखा आहे. दलित साहित्य शिकवताना आपण आत्मकथनांतील भूक आणि अपमान यांकडे लक्ष वेधतो, ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला या समाजांचे हरवलेले कौशल्यही वर्गात आले पाहिजे. ११७ मैलांचे सूत कातणाऱ्या हातांना केवळ पीडित म्हणून ओळखणे, हाही त्यांच्यावर अन्यायच होईल.