सरकारी हिशेब : रोखवहीकडून ताळेबंदाकडे

विकसनशील देशांतील अनेक सरकारांचे हिशेब प्रामुख्याने रोख पद्धतीने ठेवले जातात. या पद्धतीत पैसे प्रत्यक्ष मिळाले अथवा दिले गेले, तरच नोंद होते. ठेकेदाराने मार्चमध्ये रस्ता पूर्ण केला आणि त्याचे देयक एप्रिलमध्ये अदा झाले, तर तो खर्च पुढील आर्थिक वर्षात दिसतो. थकीत देयके, येणे असलेले कर आणि निवृत्तिवेतनाचे भावी दायित्व मुख्य हिशेबात येत नाही. परिणामी, तिजोरीत शिल्लक दिसत असतानाही देण्यांचा बोजा वाढत राहू शकतो.

उपार्जित पद्धतीत मात्र उत्पन्नाचा हक्क किंवा खर्चाची जबाबदारी निर्माण होताच नोंद केली जाते. मालमत्ता व दायित्वे दाखविणारा ताळेबंद हे तिचे वैशिष्ट्य होय.

भारतातील वाटचाल

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५० नुसार केंद्र व राज्यांच्या हिशेबांचा नमुना राष्ट्रपती नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने विहित करतात. २००२ मध्ये शासकीय लेखा मानक सल्लागार मंडळ स्थापन करण्यात आले. बाराव्या वित्त आयोगाने २००४ च्या अहवालात उपार्जित पद्धतीची शिफारस केली व केंद्राने ती तत्त्वतः स्वीकारली.

नागरी संस्थांमध्ये या बदलाला अधिक गती मिळाली. राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात सहभागी शहरांना उपार्जित तत्त्वावरील द्विलेखा नोंद पद्धती स्वीकारणे बंधनकारक होते. पुढे पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानासाठी लेखापरीक्षित हिशेब इंटरनेटवर उपलब्ध करण्याची अट घातली.

अडचणी

जुन्या जमिनी, इमारती व जलवाहिन्यांची नोंद आणि मूल्यांकन हे सर्वांत कठीण काम ठरले. प्रशिक्षित लेखापालांची उणीवही जाणवली. अनेक ठिकाणी दैनंदिन नोंदी जुन्याच पद्धतीने ठेवून वर्षअखेरीस सनदी लेखापालांकडून त्यांचे रूपांतर करून घेण्यात आले. असा ताळेबंद लेखापरीक्षणाची गरज भागवितो. मात्र वर्षभरातील निर्णयांसाठी त्याचा उपयोग होत नाही.

केंद्र व राज्यांचे मुख्य हिशेब अद्यापही प्रामुख्याने रोख पद्धतीचे आहेत. त्यामुळे आज दिलेल्या निवृत्तिवेतनाच्या आश्वासनाचा भार हिशेबात उमटतो, तो रक्कम अदा करण्याची वेळ आल्यावरच. तोवर ते आश्वासन परवडणारे आहे किंवा नाही, हे करदात्यांना हिशेबावरून पडताळता येत नाही.