नदीकांठचा फेर

अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत इटास्का नांवाचें एक लहानसें सरोवर आहे. त्यांतून मिसिसिपी नदी निघते. उगमापाशीं दगडांवर पाय ठेवून ती कोणासही ओलांडतां येते. तीच पुढें सुमारें ३,७०० किलोमीटर वाहत जाऊन मेक्सिकोच्या आखातास मिळते. २४ जून २००६ रोजीं या नदीच्या उगमापासून मुखापर्यंत सात ठिकाणीं, एकाच वेळीं, माणसें तिच्या कांठीं नाचलीं. त्यांत कसलेले नर्तक होते, तसेच नृत्याशीं कधीं संबंध न आलेले नागरिकही होते. कॅट्रिना वादळानें न्यू ऑर्लिन्स शहर बुडविलें त्यास पुरतें वर्षही झालें नव्हतें. तरी तें शहरही या सातांत होतें. या उपक्रमाच्या योजक मेरिली हार्डेनबर्ग यांचा हेतु साधा होता. वरच्या शहरानें नदींत जें सोडावें तें खालच्या शहरानें प्यावें, आणि दोघांनीं एकमेकांचें तोंडही पाहूं नये, अशी महानद्यांची स्थिति असते. निदान एका सायंकाळीं तरी दोघांनीं एकच पाऊल टाकावें!

ही कल्पना नवी भासली तरी तिच्यामागील विद्या जुनी आहे. रुडॉल्फ लाबान हा तिचा प्रवर्तक. १८७९ सालीं त्या वेळच्या हंगेरींतील प्रेसबुर्ग येथें तो जन्मला. गायनांत जसा वृंद असतो, तसा हालचालींचाही वृंद असावा, आणि त्यांत नृत्याचें शिक्षण न घेतलेल्या सामान्य माणसांस स्थान असावें, असें त्याचें मत होतें. पंढरीच्या वाटेवर दिंडींतील पाउली पाहिलेल्या मराठी माणसास याचें फारसें नवल वाटणार नाहीं. जर्मनींत मात्र १९२० नंतरच्या दशकांत हे चलनवृंद गांवोगांव निघाले. १९२८ सालीं लाबाननें हालचाली कागदावर लिहिण्याची लिपि प्रसिद्ध केली. त्यामुळें दूरदूरच्या मंडळींस एकच नृत्य आपापल्या गांवीं बसवून मग एकत्र येणें शक्य झालें. १९२९ मध्यें व्हिएन्ना येथें त्यानें कारागिरांची जी मिरवणूक बसविली, तींत सुमारें दहा हजार माणसें होतीं.

परंतु हजारों माणसांस एका तालावर हालवितां येतें ही गोष्ट राज्यकर्त्यांच्याही ध्यानांत येणारच. नाझी राजवटींत लाबाननें सरकारी पद पत्करलें, कांहीं वर्षें तें सांभाळलें. हा डाग त्याच्या चरित्रावरून पुसतां येत नाहीं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठीं त्यानें सुमारें एक हजार लोकांचें नृत्य सिद्ध केलें. रंगीत तालीम पाहून गोबेल्सनें त्यावर बंदी घातली. माणसें नाचावींत हें त्यास हवें होतें. पण त्यांनीं आपल्यासाठीं नाचावें हें नको होतें. लाबानचें पद गेलें आणि १९३८ मध्यें तो इंग्लंडांत डार्टिंग्टन हॉल येथें आश्रयास आला. ही संस्था रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनांत काम केलेल्या लेनर्ड एल्महर्स्ट यांनीं पत्नीसह उभारलेली. लाबान १९५८ मध्यें वारला.

त्यानंतर पन्नास वर्षांनीं, २००८ मध्यें, त्याच्या पद्धतीच्या अभ्यासकांत जगभर एकाच दिवशीं पाण्यासाठीं नाचण्याचा विचार निघाला. त्यांत हार्डेनबर्गबाईही होत्या. २०११ च्या जून महिन्यांत पन्नासाहून अधिक ठिकाणीं तो अमलांत आला, आणि पुढें दर दोन वर्षांनीं जूनमध्यें हा प्रघात पडला. नृत्याचे भाग चार. आरंभीं पाण्याचा कांहीं विधि होतो. मग त्या गांवचें स्वतःचें नृत्य: कोठें गटाराचें पाणी, कोठें आटलेला प्रवाह, जें दुःख असेल तें. तिसरें नृत्य सर्व जगांत एकाच संगीतावर, एकाच हालचालींचें. शेवटीं प्रेक्षकच फेरांत शिरतात.

नाचून नदी स्वच्छ होत नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. मैल्याची वाट बांधकामानेंच बदलावी लागते, आणि त्यास पैसा व कायदा लागतो. पण या उपक्रमाचा खरा भाग त्या सायंकाळीं नसतो. तो आधींच्या आठवड्यांतील तालमींत असतो. दुसरें नृत्य बसवावयाचें तर आपल्या पाण्याचें दुःख कोणतें हें आधीं ठरवावें लागतें. कोणता नाला कोठें मिळतो, नळास येणारें पाणी कोणत्या बंधाऱ्याचें, याची चौकशी करीत मंडळी कांठानें हिंडतात. पुष्कळांनीं तो कांठ तोंवर केवळ पुलावरून पाहिलेला असतो.